देवकीची साक्ष

गोव्यातल्या लाटंबार्शात आजही देवकीचं नाव निघालं की समोरचा म्हणतो, "मनशां जोडचीं तर तिणें." विनिता ते ऐकते आणि मान डोलावते. सून म्हणून एवढं तिला करावंच लागतं. देवकीने माणसं जोडली हे खरं आहे. त्यातलं एक कसं तोडलं, ते मात्र विनिताइतकं कुणाला ठाऊक नाही, कारण तोडायचा कागद तिनेच लिहिला होता.

तुयें गावाहून लग्न होऊन आली तेव्हा विनिताने सासवांच्या इतक्या कहाण्या ऐकल्या होत्या की पहिले आठ दिवस ती देवकीसमोर पोटभर जेवलीही नाही. नवव्या दिवशी देवकीने तिच्या ताटात तळलेल्या माशाची तुकडी वाढली आणि म्हणाली, "खा गो. तुजो घोव तापलो जाल्यार म्हाका सांग. आनी हांव तापलें जाल्यार शांताक सांग."

शांता म्हणजे काजूच्या भाटात, म्हणजे बागायतीत, रस्त्याच्या कडेला राहणारी बाई. सावंतवाडीकडची. नवरा खाणीवर कामाला लागला म्हणून त्याच्याबरोबर आली, पोर्तुगीज गेले त्याच वर्षी. दोन पावसाळ्यांत नवरा तापाने गेला. भाट देवकीच्या सासऱ्याचं. त्याच्याशी भांडून देवकीने तिला घरापुरती जागा मिळवून दिली आणि भिंतींची माती तुडवायला स्वतः चिखलात उतरली. भाटकाराची सून मजुरणीच्या घरासाठी गुडघाभर चिखलात, म्हणून गावाने तोंडाला पदर लावले. देवकी म्हणाली, "हांसूं दी. दांत आसात थंय मेरेन हांसचें."

तशा तिच्या मैत्रिणी पुष्कळ. शेजारची सुशीला तर रोज येऊन भांडून जायची, आणि एखाद्या दिवशी आली नाही की देवकीला अन्न गोड लागायचं नाही. पण शांताची गोष्ट निराळी. देवकीला विषमज्वर झाला तेव्हा एकवीस दिवस तिची वेणी शांताने घातली, आणि तिच्या गुरुदासला आपल्या घरी नेऊन पेज भरवली. गुरुदास हे चारचौघांत मोठ्या कौतुकाने सांगायचा. गुरुदास म्हणजे विनिताचा नवरा. गोड बोलणारा माणूस. गोड बोलणाऱ्यांचा विनिताला हल्ली राग येतो.

मग सत्त्याऐंशी साली गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला. आदल्या वर्षी भाषेवरून एकमेकांची तोंडं न बघणारी माणसं आता आपलं राज्य म्हणून पेढे वाटत होती, आणि आपला कोण, भायलो कोण, याचा हिशेबही लगेच सुरू झाला होता. त्याच श्रावणात मामलेदार कचेरीतून घरी नोटीस आली. दुसऱ्याच्या जमिनीत मालकाच्या संमतीने कायमचं घर करून राहणाऱ्याला गोव्यात मुंडकार म्हणतात. त्याचं नाव एकदा दप्तरात चढलं की त्याला उठवणं सोपं नसतं. शांताने तसा अर्ज केला होता. देवकीला विचारूनच केला होता. "कर गो, तुजेंच घर तें," असं देवकी म्हणाली होती. वकिलाने दोन-तीन शेजारी साक्षीला आणायला सांगितले, तर शांता त्याला म्हणाली, "एक पुरे. देवकी असा."

गुरुदासला तो रस्त्याकडचा तुकडा एका ट्रकवाल्याला गॅरेजसाठी विकायचा होता. तो चिडला नाही, ओरडला नाही. आईजवळ जाऊन बसला.

"आई, शांताक भायर कोण घालता? ती आमचीच. पूण एकदां कागद जालो काय तो तुकडो आमचो उरना. फाल्यां तिचो भाचो येवन बसतलो."

"हांवें तिका उतर दिलां. शब्द म्हळ्यार शब्द," देवकी म्हणाली.

"हांव आसतना तिका कोण हात लावना. कागद नाका, इतलेंच. तुका ती व्हडली काय हांव?"

देवकी उठून चुलीकडे गेली. विधवा बाई, मुलाच्या अन्नावर जगणारी. विनिता मॅट्रिक झालेली, अक्षर मोत्यासारखं. गुरुदासने सांगितलं तशी तिने हरकत लिहिली: सदर बाई फक्त काजूच्या हंगामात येऊन राहते. लिहिताना हात थांबला नाही. आपण नवऱ्याचं ऐकतोय असं तिला वाटलं. त्या पैशांतून होणार असलेल्या नव्या स्वयंपाकघराचंही वाटलं, पण ते ती कुणाला सांगत नाही.

चौकशीला कारकून आला आणि सोप्यावर बसला. शांता अंगणात उभी होती, धुतलेलं लुगडं नेसून, अगदी निर्धास्त. देवकीसाठी आपल्या परसातली दोन तवशी घेऊन आली होती. काजूचा हंगाम सरून अडीच महिने झाले होते आणि शांता हातात श्रावणातल्या काकड्या घेऊन समोर उभी होती, पण डोळ्यांना दिसतं ते कागदावर लिहायची त्या कारकुनाला सवय नव्हती.

"ही बाई हांगा बारा म्हयने रावता?" त्याने विचारलं.

देवकी खाली जमिनीकडे बघत होती. "काजींच्या दिसांनी येता," ती म्हणाली. "मागीर आपल्या गांवांत वता."

शांताने तिच्याकडे पाहिलं. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. विनिताला वाटत होतं, द्याव्यात. तवशी पायरीवर ठेवून ती निघून गेली.

अर्ज नामंजूर झाला. गुरुदासने शब्द पाळला, दिवाळीपर्यंत. मग तुकडा विकला. शांताची कौलं न्यायला टेंपो त्यानेच ठरवला, भाडंही दिलं, आणि याचं त्याला अजून कौतुक आहे. शांता सरहद्दीपलीकडे दोडामार्गाजवळ भाचा बाबुराव याच्याकडे राहायला गेली.

देवकीने चार महिने कसेबसे काढले. मग एका सकाळी उकड्या तांदळांची पिशवी भरली आणि विनिताला घेऊन बस पकडली. माफी मागायची, एवढंच तिच्या मनात होतं. वाटभर ती काय बोलायचं ते ओठांतल्या ओठांत जुळवत होती.

शांता दारातच होती. तिने शेजारून खुर्ची मागवली, पदराने पुसली आणि देवकीला तिच्यावर बसवलं. कपबशीतून चहा दिला. स्वतः भिंतीला धरून उभी राहिली.

"बस गो, शांता," देवकी म्हणाली. शांता बसली नाही.

"म्हाका गाळी दी. मार. कितेंय कर," देवकी म्हणाली, आणि विनिताने सासूला पहिल्यांदाच हात जोडताना पाहिलं.

"च्या घेवा. निवता," शांता म्हणाली. सव्वीस वर्षं हिला अगे-तुगे करणारी बाई.

एवढ्यात बाबुरावची बायको पाण्याची कळशी घेऊन आत आली आणि ही पाहुणी कोण म्हणून बघत राहिली. शांताने तिला ओळख करून दिली, शांतपणे, मनात काही नसल्यासारखी.

"ह्यो लाटंबार्शाच्यो भाटकारणी. काजींच्या दिसांनी मी ह्यांच्याकडे ऱ्हवाक जाय होतंय. मागीर परत आपल्या गावाक."

देवकीने कपातला चहा संपवला आणि विनिताकडे न बघता उठली.