शनिवारची शेवटची बस

रिक्षावाले शनिवारी रात्री लुटतात, सिटी बसची वेळ वाढवलीच पाहिजे, असं जोरदार भाषण मी एकदा केलं, तेही रिक्षात बसून. बायकोने कोपर मारलं तोवर उशीर झाला होता. आमचे रिक्षावाले आरशात बघून एवढंच म्हणाले, "लवकर बसत जावा सायेब. जेवान निवतंय."

हे त्यांचं नेहमीचंच. नोकरीच्या सांगलीहून मी आणि बायको शनिवारी शेवटच्या रेल्वेगाडीने घरी साताऱ्याला यायचो, तेव्हा गावाबाहेरच्या त्या स्टेशनावर एकट्या त्यांचीच रिक्षा उभी असे. हॉर्न बिघडलेला, म्हणून ते टपावर थाप मारत आणि जेवणाचं पुटपुटत. मला वाटे, दुसरं भाडं गाठायची घाई.

अखेर शनिवार-रविवारी त्या गाडीसाठी बस सुरू झाली. पहिल्याच रात्री हे गृहस्थ बसच्या तोंडाशी उभे! आता भांडण होणार म्हणून मी बायकोच्या मागे सरकलो. त्यांनी पिशवीतून नारळ काढला आणि बसच्या चाकापुढे फोडला.

मी हादरलोच. "अहो, तुमचं भाडं गेलं की!"

"जाऊ द्या की. बाया-पोरं अंधारात टाकून घरी जाववत न्हवतं. ह्या बससाठी डेपोत लय खेटं घातलं मी. आज घरच्यांसंगं जेवतो." माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवून ते रिकामी रिक्षा घेऊन गेलेसुद्धा.

बसमध्ये मला ते खोबरं चावेना. बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दर शनिवारी त्यांचं जेवण आपल्यामुळे निवत होतं. आणि वर तुमचं भाषण."