सरांचं एकच क्रियापद

माझे थोरले दीर कुणाच्याही बोलण्यात मध्येच बोट वर करायचे. समोरचा गप्प झाला की म्हणायचे, "याला इंग्रजीत काय म्हणाल? गेट! मिळालं, गेट. झालं, गेट. पोचलं, गेट. समजलं, गेट. तीन अक्षरांचं क्रियापद, पण सगळं इंग्रजी त्याच्या खांद्यावर उभं आहे." मग समोरचा माणूस म्हैस हरवली म्हणून आलेला असो की मयताचा निरोप घेऊन आलेला असो, त्याला ते सगळं ऐकावंच लागायचं.

त्यांना सगळे सर म्हणत. शेवगावच्या एका हायस्कुलात त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं. माझी जाऊसुद्धा नवऱ्याला सरच म्हणते. मी काहीच म्हणत नसे. थोरल्या दिरासमोर धाकटीनं बोलायचं नाही, ही आमच्या घरातली रीत. पदर कपाळापर्यंत ओढून मी चुलीपाशी असायचे आणि ओसरीवरचं सगळं ऐकायचे. मी चौथीपर्यंत शिकले. शिकलेल्या माणसाबद्दल मला फार आदर होता. तो सरांनीच घालवला.

"हा शब्द मुळात इंग्रजांचा नव्हेच," ते डोळे मिटून सांगत. "उत्तरेकडचे दर्यावर्दी लुटारू त्यांच्या देशात उतरले, त्यांच्या जहाजातून आला. मूळ अर्थ हाताने पकडणे. फर्गेटमध्येही त्याचाच भाऊबंद बसलाय. विसरणे म्हणजे काय? धरलेलं हातातून सुटणे!" हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा भाकरी थापता थापता माझा हात थांबला होता, खोटं कशाला सांगू. पण त्यापुढे त्यांच्याजवळ काही नव्हतंच. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आज टेम्पो चालवतात, बाजार समितीत हमाली करतात, एकदोघं तलाठी झाली. इंग्रजीत एक वाक्य कुणाला धड बोलता येत नाही. गेट कुठून आलं, ते मात्र सगळ्यांना पाठ आहे.

दिवाळीनंतर गावातली माणसं ऊस तोडायला निघाली, की सर ट्रॅक्टरपाशी जाऊन उभे राहायचे. एकदा टोळीचा मुकादम म्हणाला, "सर, गाडी चालू हाय. तुमचं गेट आल्यावर ऐकतो, तवर ते कुठं जात न्हाई." ट्रॉलीत बसलेल्या बायासुद्धा हसल्या. सरांना वाटलं, विषय आवडला. तेही हसले आणि घरी येऊन जावेला म्हणाले, "अडाणी असले तरी जिज्ञासा आहे हो लोकांत!"

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण माझ्या सारिकाचं लग्न ठरायचं होतं. मुलगा संगमनेरकडचा, दूध डेअरीत कामाला. पहिल्या भेटीत त्यानं तिला विचारलं होतं, "शिलाईचं दुकान टाकायचं म्हणता, मग लग्नानंतर टाका की. अडचण काय हाय?" ते लोक गेल्यावर सारिका माझ्यापाशी येऊन म्हणाली, "आई, दुसरं कोणी दाखवू नको आता."

सुपारी फोडायचा दिवस ठरला. आमच्या मालकांनी हट्टानं थोरल्या भावाला, सरांना, मधल्या जागेवर बसवलं. म्हणे, आपल्यात शिकलेला तेवढा एकच, चार माणसांत शोभा येते. सरांनी चहा संपवला, बोट वर केलं आणि मुलाला विचारलं, "काय हो, डिप्लोमा झालाय ना? गेटचे अर्थ सांगा."

"मिळणे," मुलगा म्हणाला.

"आणखी?"

मुलानं शेजारी बसलेल्या आपल्या मामांकडे बघितलं.

"आणखी? नाही येत? मग डिप्लोमा दिला कुणी?" सर एकटेच खो खो हसले.

मुलाचे कान लाल झाले. त्याच्या आईनं कप तसाच खाली ठेवला. मामा म्हणाले, "पाव्हणं, आमी सोयरीक करायला आलोय. परीक्षेचा फॉर्म काय भरला न्हवता." तरी सरांची जहाजं निघालीच. मुलाच्या आईनं पिशवी उचलून मांडीवर घेतली. मालक पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले. दाराआड सारिकानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

मी बाहेर गेले. सरांकडे पाठ करून मुलाच्या आईसमोर बसले. "ताई, फोडा सुपारी. आमाला पोरगा पसंत हाय. पोरीलाबी हाय."

मागून सर म्हणाले, "मी बोलतोय अजून."

मी मान वळवली. "बोला की सर. तवर आमी उरकून घेतो."

मामा इतक्या मोठ्यानं हसले की रस्त्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. मुलाच्या आईनं पिशवी खाली ठेवली. सुपारी फुटली, कुंकू लागलं. सर चप्पल घालून निघून गेले. लग्नाला आले नाहीत. धाकटीला वळण नाही, ती फार तोंडाळ आहे, असं गावभर सांगत फिरले. ज्या बाईचा आवाज त्यांनी एकदाच ऐकला, ती तोंडाळ!

परवा जाऊ माहेरी गेली होती आणि सर तापानं पडून होते. मी ताट घेऊन शेजारी त्यांच्या घरी गेले. सारिका बाळंतपणाला आमच्याकडे आली आहे, तिची लेक भिंतीपलीकडे रडत होती. सरांनी डोळे उघडले, बोट वर केलं आणि सुरू झाले, "ताप आला, याला इंग्रजीत..." मी चौकटीत उभी राहिले. बाळाच्या रडण्यात त्यांचं बोलणं ऐकू येईना, तसा त्यांनी आवाज चढवला. कोणाचं बाळ, हे विचारलं नाही. मी भाकरीवर दुसरं ताट झाकलं आणि नातीला घ्यायला घरी आले.