एक चूल, एक बिऱ्हाड

पिंपरीत औषधाचा कारखाना नवीन निघाला तेव्हा माझा नवरा तिथे लागला आणि आम्ही चिंचवड गावात बिऱ्हाड केलं. एक खोली, पुढे पडवी. घरमालकीण विधवा बाई, आवाज खणखणीत. भाडेचिठ्ठीत तिने एक अट मुद्दाम लिहून घेतली होती. पोटभाडेकरू ठेवायचा नाही. ठेवला तर खोली खाली करायची.

आम्ही सहा महिन्यांत ठेवला. एका पगारात भाडं झेपत नव्हतं, आणि नवऱ्याच्या खात्यातला एक कोकणी माणूस जागेसाठी वणवण करत होता. त्याला पडवी दिली. मालकिणीला सांगितलं, नात्यातला आहे.

"कोकणात कुठलं गं तुझं नातं?"

"लांबचं आहे, मावशी."

"लांबचंच असणार. पर जेवतो कुठं?"

कायदा तिला माहीत नव्हता आणि मलाही नव्हता. तिचं म्हणणं सरळ होतं. तुमच्या चुलीवर जेवला तर माणूस तुमचा, वेगळी चूल मांडली तर वेगळं बिऱ्हाड. मी म्हटलं, आमच्यातच जेवतो.

तो तीन दिवस जेवला. चौथ्या दिवशी पुण्याहून स्टो घेऊन आला. "वहिनी, माझं पोट जरा नाजूक आहे," म्हणाला. पोट धडधाकट होतं. माझा स्वयंपाक वाईट होता. मी लहानपणापासून शेतात राबले, चुलीपाशी बसायला मला कुणी शिकवलं नाही.

स्टोचा आवाज तीन घरं ऐकू जायचा. मावशी पडवीत येऊन उभी राहिली.

"ही दुसरी चूल कशाला?"

"आंघोळीच्या पाण्याला," मी म्हटलं.

तिने स्टोवरच्या पातेल्याचं झाकण उचललं. आत पेज रटरटत होती.

"तांदूळ टाकून आंघोळ करतो व्हय ह्यो?"

मी तिच्या हातातलं झाकण घेऊन परत पातेल्यावर ठेवलं.

"उद्या रविवार हाय. दुपारी येते. माझ्याम्होरं तुमच्यात जेवू दे त्याला. न्हाई जेवला तर खोली सोडायची."

कारखान्यामुळे तेव्हा गावात गोठेसुद्धा भाड्याने जात होते. खोली गेली असती तर आम्ही तिघंही रस्त्यावर आलो असतो.

रविवारी मी वांग्याची भाजी केली. घाईत मीठ बहुतेक दोनदा पडलं. दोघं पानावर बसले. मावशी उंबऱ्यावर. नवरा सवयीने जेवू लागला. कोकण्याने पहिला घास घेतला आणि त्याचे कान लाल झाले.

"अजून वाढू का, भावजी?"

"वाढा, वहिनी," तो म्हणाला. डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

"रडतो का रं?" मावशीने विचारलं.

"घरची आठवण आली."

मावशीचा विश्वास बसला नाही. तिने माझ्याकडून भाकरीचा तुकडा मागून घेतला, भाजीत बुडवला, तोंडात टाकला. चावायची थांबली. मग तांब्याभर पाणी प्याली आणि कोकण्याकडे वळली.

"घरचाच हाय," ती म्हणाली. "परका मानूस पैसे देऊन हे खायचा न्हाई."

नवऱ्याला ठसका लागला. तो हसत होता हे मला कळलं.

माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं. तिच्या घरची आमटी मी खाल्ली होती, तीही काही मोठी लागून गेली नव्हती. पण खोली आत्ताच कुठे वाचली होती. मी नम्रपणे विचारलं, "मावशी, तुम्हाला पान वाढू का?"

"नको गं बाई," ती तोवर अंगणात पोचली होती. "त्यालाच वाढ. तुजाच हाय तो."