एकच आकडा, एकतीस जागा

काकांचं खरं नाव फक्त पगाराच्या चिठ्ठीवर होतं. बाकी सगळ्या मजल्यासाठी ते व्हर्जनकाका.

कंपनीची एकतीस सॉफ्टवेअरं होती. प्रत्येकाची बांधणी करणारी सूचनांची वेगळी यादी, म्हणजे स्क्रिप्ट, आणि प्रत्येक स्क्रिप्टमध्ये बाहेरून आणलेल्या त्याच त्या तयार प्रोग्रामांचे, म्हणजे लायब्रऱ्यांचे, व्हर्जन नंबर हातानं लिहिलेले. एखादी लायब्ररी बदलली की तोच आकडा एकतीस ठिकाणी बदलायचा. काका हे सतरा वर्षं करत होते आणि आपल्याशिवाय ते कुणाला जमणार नाही, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. खरं तर त्यात जमण्यासारखं काही नव्हतंच. कंटाळा न येणं एवढीच पात्रता लागत होती.

"इथे तीन आणि तिथे चार असं का?" कुणी विचारलं की काका चष्मा कपाळावर चढवत. "त्याला इतिहास आहे," म्हणत. इतिहास बहुधा इतकाच, की त्या क्षणी त्यांना कुणीतरी चहाला हाक मारलेली असे.

एका मंगळवारी एका लायब्ररीच्या सुरक्षेत मोठं भगदाड सापडलं. नवं व्हर्जन संध्याकाळपर्यंत सगळीकडे हवं, असा हुकूम आला. काका बाह्या सरसावून बसले, जेवायलाही उठले नाहीत, आणि पाच वाजता "झालं" म्हणाले. बुधवारी सकाळी बसच्या वेळा दाखवणारं सॉफ्टवेअर झोपलं. जोडीनं बदलायच्या दोन लायब्रऱ्यांपैकी त्यात एकच बदलली गेली होती. शहरभर लोक थांब्यांवरच्या कोऱ्या पाट्यांकडे बघत उभे राहिले.

मीटिंग भरली. टेस्टिंगच्या बाई म्हणाल्या, "सगळे आकडे एका फाइलीत ठेवू. प्रत्येक स्क्रिप्टनं तिथूनच वाचायचे. बदल एकदाच करायचा."

"उत्तम," साहेब म्हणाले. "मी हे कधीपासून सांगतोय."

काकांचा चेहरा उतरला. अकरा वर्षांपूर्वी हेच त्यांनी दोन पानांवर लिहून साहेबांच्या हातात दिलं होतं. "चालतंय ना? मग हात लावू नका," असं म्हणून साहेबांनी ती पानं परत केली होती. काकांनी तो हुकूम इतक्या इमानानं पाळला, की हळूहळू ते त्यांचं स्वतःचंच मत होऊन बसलं.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती शाळेत गणित शिकवायची.

"मग मीटिंगमध्ये बोलला का नाहीत?"

"साहेबांना वाईट वाटलं असतं."

"आणि तुम्हाला?"

काकांनी भाजी वाढून घेतली.

पुढच्या आठवड्यात बाई आणि काका चार दिवस शेजारी बसून ते काम करत होते. बाई फाइलीत लिहीत, काका स्क्रिप्टांमधून ओळी काढत. सर्व्हरनं किती सेकंद वाट बघायची, या एकाच गोष्टीची सात वेगवेगळी उत्तरं निघाली. नऊ स्क्रिप्टा तर अशा सर्व्हरचा पत्ता बाळगून होत्या, जो भंगारात जाऊन सहा वर्षं झाली होती. काका प्रत्येक ओळ पुसण्याआधी जरा थांबत, घर सोडून चाललेल्या जुन्या भाडेकरूसारखे.

"काका, पुढची," बाई म्हणत.

शुक्रवारी एक आकडा एकदाच बदलून पाहिला. एकतीसही बांधण्या अर्ध्या तासात बिनबोभाट पार पडल्या. साहेबांनी वरच्यांना पत्र पाठवलं. त्यात 'माझी संकल्पना' हे शब्द ठळक होते, बाईंचा उल्लेख 'टीम' असा होता, आणि काकांचा नव्हता.

पुढच्या महिन्यात काकांनी कित्येक वर्षांत पहिल्यांदा दोन आठवड्यांची रजा घेतली. फोन उशाशी ठेवून तीन दिवस काढले. तो वाजला नाही. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःच बाईंना लावला.

"काही अडलंय का?"

"नाही काका, काल दोन लायब्रऱ्या बदलल्या. दहा मिनिटांत झालं."

"एकही बंद पडलं नाही?"

"एकही नाही."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"नीट बघितलंत ना?" त्यांनी विचारलं.