सरळ शिरांचा दांडा

तळेगाव ढमढेरेच्या आठवडी बाजारात फावड्या-कुदळींना दांडे बसवून देणाऱ्या त्या मावशी मला एकदाच भेटल्या. नाव विचारायचं राहून गेलं. शिक्रापूरची कंपनी सोडून मी नुकताच शेतीत उतरलो होतो, आणि महिन्याभरात माझ्या हातून फावड्याचे तीन दांडे मोडले होते. "कंपनीचे हात हायेत, शेती जमायची न्हाई," असं आबा, म्हणजे माझे वडील, भेटेल त्याला सांगत होते. मलाही ते पटायला लागलं होतं.

मावशींनी मोडका दांडा उन्हात धरला आणि लाकडाच्या रेषांवर अंगठा फिरवला.

"शिरा तिरप्या गेल्यात, दादा. ह्यो कुणाच्याबी हातात मोडला असता."

मग त्यांनी सरळ शिरांचा बाभळीचा दांडा निवडला, दोन दगडांवर आडवा ठेवला आणि पदर खोचून स्वतःच त्यावर उभ्या राहिल्या. अंगानं त्या चांगल्याच भरलेल्या होत्या. दांडा जरासा लवला, पण करकरला नाही.

"मला तोलतोय, मातीला भितोय व्हय?" म्हणत त्या खाली उतरल्या. दांडा फावड्यात ठोकून त्यांनी पाचर मारली आणि वरून जवसाचं तेल चोळलं.

घरी येऊन मी मोडक्या दांड्याच्या शिरा आबांना दाखवल्या. चष्मा लावून ते बराच वेळ बघत राहिले.

"माझेबी दोन असेच गेले व्हते," ते हळूच म्हणाले. "तवा मी तुझ्या आईवर ढकललं."

"ध्यानात हाय माझ्या," आई आतून म्हणाली.