मावशीच्या खांद्याला झेपेल असा रॉड

गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेअकरा वाजता, भाईंदर पश्चिमेला मासेमारीचं सामान विकणाऱ्या एका दुकानात माझ्या मावशीवर अन्याय झाला. जाहीर निषेध! मावशीने मागितलेला रॉड दुकानदाराने वरून काढला आणि तिच्या पुढे केलेल्या हाताला वळसा घालून माझ्या हातात दिला. वर तिला म्हणाला, "मॅडम, आप स्टूल पे बैठो ना, आराम से." मी आजवर मासा फक्त ताटात पकडला आहे. आणि ही बाई कोण? तर काशीमिऱ्यापासून उत्तनच्या टोकापर्यंत, पाण्यावर तरंगणारा खोटा मासा फेकून खरा मासा पकडण्याच्या विद्येवर हिच्याइतका विचार केलेला दुसरा माणूस नाही. हिच्यापेक्षा जास्त मासे पकडलेले पुष्कळ सापडतील. इतका विचार केलेला एकही नाही.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात सिस्टर होती, आता निवृत्त होऊन जेसल पार्कला एकटी राहते. निवृत्त झाली असं आम्ही म्हणतो. तिच्या लेखी फक्त वॉर्ड बदलला. भाजी घेताना ती गवारीकडे पेशंटच्या जिभेकडे बघावं तशी बघते. रिक्षावाल्याला पत्ता सांगण्याआधी "झोप झाली का नीट?" असं विचारते, आणि डोळे लाल दिसले तर दुसरी रिक्षा करते. घरी आलेल्याचा हात "ये, बैस" म्हणत हातात घेते तेव्हा त्याला वाटतं केवढी माया; ती नाडी बघत असते. मी पाण्याच्या, खड्ड्यांच्या, गटारांच्या प्रश्नांवर पत्रकं छापून वाटतो, म्हणून मला नावाने हाक न मारता "ए पत्रक" म्हणते. वाचते मात्र प्रत्येक, आणि लाल पेन घेऊन वाचते. "किती उद्गारचिन्हं रे ही? कागदाला ताप आलाय."

चिपळूणकडे लहानपणी तिने नदीत बांबूला दोरा बांधून गळ टाकले होते. ते सगळं नोकरीत विसरून गेली. निवृत्तीनंतर एकदा सहज समुद्राकाठी, तारोडीच्या खडकांवर फिरायला गेली आणि तिथे कुणीतरी पॉपर फेकताना तिने पाहिलं. पॉपर म्हणजे बोटभर लांबीचा, तोंडाशी खोलगट असा प्लास्टिकचा रंगीत मासा. तो बुडत नाही. लांब फेकायचा आणि झटके देत ओढायचा; दर झटक्याला तो पाण्यावर 'बुळुक' करतो आणि खाली दबा धरून बसलेल्या जिताड्याला वाटतं, वर कुणीतरी घाबरून पळतंय. "साध्या गळाला मासा लागतो तेव्हा तो दिसत नाही रे," मावशी सांगते, "ह्यात दिसतो. पाणी फुटतं एकदम. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझीच नाडी चुकली." तिथेच खडकावर एक म्हातारा नाखवा जाळं दुरुस्त करत बसलेला असतो. तो तिला पहिल्या दिवसापासून हसतोय. "बाय, पलास्टिकचा मासा खायाला मासा येडा हाय काय?" मावशी म्हणाली, "नाखवा, माणसं भाषणं गिळतात, मग माशाने प्लास्टिक गिळलं तर काय बिघडलं?" आणि हे बोलताना तिने माझ्याकडे का बघितलं ते मला अजून कळलेलं नाही.

पहिला रॉड तिने घेतला तो सगळ्यात लांब. लांब रॉड, लांब फेक, असा साधा हिशेब. तो एकसंध होता, मधे जोड नव्हता, हे घरी येईपर्यंत तिच्या लक्षात आलं नाही. लिफ्टमध्ये मावेना. रिक्षात आडवा धरला तर दोन्हीकडून बाहेर. मावशीने काय करावं? लोखंडी सळ्यांच्या टेम्पोला बांधतात तसं टोकाला लाल फडकं बांधलं आणि जेसल पार्क ते तारोडी रॉड हातात धरून "बाजूला, बाजूला" ओरडत गेली. रस्ता मोकळा होत गेला म्हणे. आयुष्यभर स्ट्रेचर ढकललेल्या बाईचा आवाज आहे तो. माणसं आधी बाजूला होतात आणि मग विचार करतात.

दुसरा घेतला तो फुटपाथवरचा फोल्डिंग. छत्रीसारखा आत मिटणारा, फायबरचा, जाडजूड. हा लिफ्टमध्ये मावला, पण सलाईनचा स्टँड हलवावा तितका जड. ह्याच रॉडने ती इमारतीच्या गच्चीवर सराव करायची, पॉपरचे गळ काढून ठेवून. फोल्डिंग रॉड सगळाच्या सगळा लुळा वाकतो, त्यामुळे पॉपर कधी कुठे सुटेल ते देवालाही सांगता येत नाही. आणि मावशी देव मानत नाही, त्यामुळे तिने विचारलंही नाही. एकदा तो सोसायटीच्या चेअरमनच्या वाळत घातलेल्या लेंग्याच्या नाडीत गुंतला आणि मावशीने सवयीने झटके देत लेंगा पार टाकीपर्यंत ओढत आणला. चेअरमन वर आले. "ताई, या वयात हे काय?" मावशी म्हणाली, "या वयात जिताडाच हवा होता. लेंगा आला. माझंही नुकसानच झालंय."

इथवर हसायला ठीक आहे. पुढे हसण्यासारखं नाही. तिचा उजवा खांदा गेलेला आहे. वॉर्डात माणसं कमी आणि खाटा जास्त असतात, तिथे पेशंटला कूस कोण बदलून देतं? मावशीसारख्या बायका देतात. वर्षानुवर्षं तिने परकी शरीरं उचलली, वळवली, बसवली, आणि त्या सगळ्यांचं वजन तिच्या खांद्यात कुठेतरी साठून राहिलंय. त्या जड रॉडने थोडा वेळ फेकलं की हात बधिर व्हायचा. मग ती खडकावर बसून खांद्याशी बोलायची, जशी पेशंटशी बोलायची तशी: "काय गं, दुखतंय? थांबूया थोडं." डॉक्टर म्हणाले, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, सोडून द्या. चेअरमन म्हणाले, सोडून द्या. माझी आईसुद्धा म्हणाली, "ताई, बाजारात मिळतो की मासा, सोड आता." एवढी एकजूट आमच्या विभागात पाण्याच्या प्रश्नावर कधी झाली नाही! मावशीने सगळ्यांचं ऐकून घेतलं. मला फक्त एवढंच म्हणाली, "ह्या दिवाळीपर्यंत बघते. हलका रॉड मिळाला तर ठीक. नाही मिळाला तर देऊन टाकते सगळं कुणालातरी."

हलके रॉड मिळतात, नाही असं नाही. पण उत्तम कार्बनच्या रॉडची किंमत ऐकून मावशी म्हणाली, "एवढ्यात वॉर्डाला व्हीलचेअर येते," आणि दुकानातून उतरली. तिची मर्यादा ठरलेली होती: छताचा बरा पंखा जेवढ्याला येतो तेवढ्यात रॉड आला पाहिजे. एका रॉडला एक पंखा, त्यावर नाही. मग तिने अभ्यास सुरू केला. रॉडच्या मुठीच्या वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हा किती वजनाचा खोटा मासा फेकू शकतो. लोक ते वाचत नाहीत. मावशी औषधाच्या बाटलीवरचा डोस वाचते तसं वाचते. पण आपल्या पॉपरचं वजन किती? ती सरळ सोनाराकडे गेली आणि पॉपर काट्यावर ठेवला. सोनाराने आधी पॉपरकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि अत्यंत सहानुभूतीने विचारलं, "मोडायचंय का, ताई?"

तर अशी ही बाई त्या रविवारी दुकानात गेली. पिशवीत स्वतःचं दोऱ्याचं रीळ, गळ काढलेला पॉपर आणि कापसाची गुंडाळी. तिथे तो अन्याय झाला, आणि मी अर्थातच उसळलो. ग्राहकाचे हक्क, स्त्रियांचा अपमान, सगळं एका दमात काढलं. दुकानदार गोंधळून म्हणाला, "भाईसाब, मैंने क्या बोला? स्टूल ही दिया ना!" मावशीने माझ्या हातातला रॉड काढून घेतला. "ए पत्रक, गप्प. सुई टोचताना ओरडायचं नसतं, पेशंट हलतो."

मग तिने तपासणी सुरू केली. ज्यातून दोरा जातो त्या प्रत्येक कडीत कापूस फिरवला. कापूस जिथे अडकतो तिथे आत बारीक तडा असतो आणि तो दोरा कापतो. तिचं रीळ लावून रॉड एका बोटावर तोलून बघितला. टोक माझ्या तळहातावर दाबून कुठपर्यंत वाकतं ते बघितलं: पॉपरला झटका द्यायचा तर टोक थोडं लवायला हवं, पण खालचा भाग ताठ. आणि शेवटी मुठीखालचा दांडा हाताला लावला. तो कोपरापर्यंत पोचला पाहिजे. आखूड असला तर फेकायला खांदा उचलावा लागतो. लांब असला की खालचा हात ओढतो, वरचा नुसती दिशा दाखवतो, आणि कोपर कमरेला टेकून खांदा जागेवर राहतो. एकामागून एक रॉड नापास. दुकानदार घामाघूम. "मॅडम, जेंट्स लोग तो बस पूछते हैं, कितने किलो का मच्छी उठाएगा."

"मुझे मच्छी उठाने का नहीं है. बहुत उठाया. मुझे फेंकने का है."

तेव्हा तो माणूस पहिल्यांदा तिच्याकडे बघून विचार करू लागला. कोपऱ्यातल्या पिंपात मागे पडलेला एक रॉड त्याने ओढून काढला. दोन तुकड्यांचा, बारीक, धुळीने माखलेला. "ये पतला है, इसलिए कोई लेता नहीं. जेंट्स को मोटा चाहिए, फोटो में अच्छा दिखता है." ह्या वेळी त्याने तो मावशीच्याच हातात दिला. कापूस अडकला नाही. दांडा कोपराला टेकला. किंमत पंख्यापेक्षा थोडी कमीच. मावशी दुकानाच्या पायरीवर गेली, रस्ता मोकळा बघितला आणि कोपर न उचलता कमरेतून वळली. पॉपर रस्ता ओलांडून समोरच्या टेलरच्या छपरावर जाऊन पडला. टेलर बाहेर येऊन आभाळाकडे बघायला लागला. दुकानदार माझा खांदा धरून म्हणाला, "भाईसाब, ये तो उस पार गया!" आणि मग, हे लिहिलंच पाहिजे, तो मावशीकडे वळला. "सॉरी हां मॅडम. मेरे को लगा बेटे के लिए है." मावशीने त्याचा हात हातात घेतला. त्याला वाटलं, माफ केलं. ती म्हणाली, "बीपी चेक कराओ. आजच."

पुढच्या रविवारी ओहोटीला आम्ही तारोडीला गेलो. मी पाण्याची बाटली घेऊन मागे. नाखवा नेहमीच्या जागी. मावशीने दोन तुकडे जोडले, पाय रोवले आणि फेकायला सुरुवात केली. बुळुक, बुळुक, बुळुक. काही नाही. पुन्हा. मी पाण्याकडे बघतच नव्हतो, तिच्या खांद्याकडे बघत होतो. ऊन चढलं, पाणी खडकांवरून उतरत गेलं, आणि तिने बसून घेतलं नाही. मग एका फेकीला पॉपरखालचं पाणी फुटलं. चंदेरी पाठ दिसली, रॉड वाकला, मावशी "आला, आला!" असं नर्सिंगच्या पहिल्या वर्षातली मुलगी ओरडेल तसं ओरडली. आणि दोरा सैल पडला. सुटला.

मला रडू येईल असं वाटलं. नाखवा उठून जवळ आला. "मोठा होता, बाय," तो हळू आवाजात म्हणाला. "येल तो परत. तो कुठं जात न्हाय." हसला नाही. मावशी दोरा गुंडाळत उभी होती. उजवा हात खाली सोडून तिने बोटं उघडमीट केली, डावा हात खांद्यावर ठेवला आणि त्याला विचारलं, "काय गं, दुखतंय?" मान तिकडे कलती करून जणू उत्तर ऐकलं. मग पॉपर हातात घेऊन माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाही म्हणतेय. टाकते अजून."

तो खांदा कायमचा बरा होणार नाही, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. काही वर्षांनी हा बारीक रॉडही जड होईल. पण ती वर्षं तिची आहेत, आणि ती आम्ही सगळ्यांनी मिळून, काळजीच्या नावाखाली, तिच्याकडून जवळजवळ काढून घेतली होती. म्हणून हे तुम्हाला, वाचणाऱ्याला, थेट सांगतोय. तुमच्याही घरात असा एक खांदा आहे. आज जेवायच्या आधी त्या खांद्याच्या मालकिणीला विचारा, दुखतो का. हो म्हणाली तर "मग सोडून दे" हे शब्द तोंडातून काढू नका. चपला घाला, आणि तिला झेपेल असं काय मिळतं ते शोधायला तिच्याबरोबर बाहेर पडा.