मुठीतली कवडी

नळदुर्गहून सुटलेल्या एसटीत ती बाई माझ्या शेजारी बसली होती. सोलापुरात तिच्या लेकीचं ऑपरेशन चालू होतं. भवानीच्या माळेतली एक कवडी लेकीच्या उशाला होती आणि दुसरी हिच्या मुठीत. सारखी मूठ उघडून बघायची.

"काय वाचायलात?" माझ्या हातातलं पुस्तक बघून तिनं विचारलं.

तिचं मन रमावं म्हणून मी सांगितलं, "दोन कण एकदा एकमेकांत गुंतले, की कितीही लांब गेले तरी गुंतलेलेच राहतात. काही शास्त्रज्ञ म्हणतात, सगळं अवकाशच अशा गुंत्यांनी विणलंय. पण एकाकडं नुसतं बघितलं तरी गुंता तुटतो."

तिनं मूठ मिटली, वर दुसरा हात दाबला. "मग म्या बघतच न्हाय आता."

"अहो, कवडीचं तसं नसतं!"

तेवढ्यात तिच्या मांडीवरचा फोन वाजला. दवाखान्यातून होता.

"तुमीच घ्या," ती म्हणाली.

मी विज्ञानाचा मास्तर, पण फोन उचलायला माझाही हात धजेना.